हात दिल्यावर पेटी उघडायची नाही

"हात काढ तिथनं," असं मी माझ्या सुनेला भर गल्लीत बोललो. तिनं पेटीच्या फळीखाली बोटं घातली होती. ती बोटं तिनं काढून घेतली आणि पदराला पुसली. आजूबाजूच्या हमालांनी मान दुसरीकडं फिरवली, पण ऐकलं सगळ्यांनी.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. वाशीच्या फळमार्केटात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या देशावरच्या पुष्कळ घरांत तृतीयेला वाडवडिलांच्या पानात आंबा वाढल्याशिवाय कुणी आंबा तोंडाला लावत नाही. त्यामुळं सगळ्यांना आंबा त्याच दिवशी पाहिजे असतो, आणि पिकलेला पाहिजे असतो. आदल्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. साताऱ्याकडून आलो तो थेट मार्केटात, डोक्यावर चुंबळ ठेवून पेट्या वाहायला. पुढं टोळीचा मुकादम झालो. माणसं लावायची, गाड्या उतरवून घ्यायच्या, हमालीचा हिशोब बघायचा, हे माझं काम. आज काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी त्या गल्लीत मला नावानं कुणी हाक मारत नाही. मुकादम म्हणतात. घर म्हणाल तर आता करंजाड्याला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. मुलगा तळोज्याच्या कंपनीत पाळीनं जातो. घरात मी, माझी म्हातारी, मुलगा आणि सून.

सून लग्न होऊन आली तेव्हा माझ्यासमोर खुर्चीवर बसत नव्हती. मी हॉलमध्ये असलो की ती स्वयंपाकघरात. माझ्यादेखत फोनवर बोलायची नाही, आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ सोडायची. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. मामा, चहा. मामा, जेवण वाढलंय. एवढंच आमचं बोलणं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

मग तिनं फळं विकायला सुरुवात केली. आधी आमच्याच बिल्डिंगमध्ये, चिकू आणि पपई. मग शेजारच्या सोसायटीत. मग तिनं मोबाईलवर बायकांचा ग्रुप केला आणि बघता बघता निम्म्या करंजाड्यात तिची पिशवी जायला लागली. तिची एकच रीत होती. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्यासमोर पिशवी रिकामी करायची, फळं फिरवून दाखवायची, नासकं असेल ते आपल्या हातानं बाजूला काढायचं, मग भरून द्यायचं. त्यात वेळ जायचा. मी म्हणायचो, असा धंदा होतो का? पण तिच्याकडं गेलेली बाई दुसरीकडं जात नव्हती. "उघडून दाखवते ती" अशीच तिची ओळख झाली होती.

माल मात्र ती कधी स्वतः मार्केटातून आणत नव्हती. पनवेलचा एक माणूस आणून द्यायचा आणि मधलं तो खायचा. का, ते सांगतो.

आमच्या गल्लीत आंब्याचा सौदा तोंडानं होत नसे. दलाल आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, हातावर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायचे. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. आता त्याला बंदी आहे, भाव बोलून करायचा, पावती करायची, असं सगळं झालंय. पण आमच्या वयाचे दोघे समोर आले की हात आपसूक टॉवेलाखाली जातात. इतक्या वर्षांची सवय. आणि हात दिला की सौदा झाला. मग पेटी उघडायची नाही. उघडली तर तुम्ही त्या माणसाच्या हातावर थुंकल्यासारखं.

या सगळ्यात बाई कुठं येणार? बायका मार्केटात असतात, नाही असं नाही. गवत गोळा करतात, झाडतात, नासका माल निवडतात. पण घेणारी बाई नाही. परक्या पुरुषाचा हात बाईनं कापडाखाली धरायचा, ही गोष्ट कुणाच्या मनातही आली नव्हती. बायकांना मनाई अशी कुठं लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच पडली नव्हती.

त्या वर्षी पनवेलचा माणूस ऐनवेळी नाही म्हणाला. सुनेनं ग्रुपवर तृतीयेच्या पेट्यांची नावं घेऊन ठेवली होती, चाळीस घरांची. तिची एवढी मोठी उडी ही पहिलीच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मार्केटात मला न्याल का?"

म्हातारी आतून म्हणाली, "न्या की. एवढं मुकादम मुकादम करताय, बघू तरी कोण वळखतंय का तुमाला."

मी म्हटलं, नेतो. पण सौदा मी करीन. तू बाजूला उभी राहायचीस.

टेम्पोत तिनं मला सांगितलं, भाव कुठपर्यंत परवडतो ते. मी माझ्या जुन्या दलालाकडं गेलो. त्याच्या पेट्या मी उभं आयुष्य वाहिल्या होत्या. मुलाच्या लग्नाला तो आला होता, पहिल्या पंगतीला बसला होता. मला बघितल्यावर गादीवरून उठला. "अरे मुकादम, किधर गायब? या या." चहा आला. मग टॉवेल आला. तिनं सांगितलेल्या भावापेक्षा खाली मी सौदा पटवला. माझी छाती फुगली होती हे कबूल. आणि नेमकं तेव्हाच ती पुढं झाली, खाली बसली आणि फळीखाली बोटं घातली.

"मामा, एक तरी बघू या उघडून," ती हळू म्हणाली.

मग मी जे बोललो ते वर लिहिलंच आहे.

परतीच्या वाटेवर ती माझ्याकडं न बघता मागच्या पेट्यांकडं बघत राहिली. खारघर गेलं, कळंबोली गेली. मला वाटलं, रुसली असेल. बायका रुसतात. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये आम्ही पेट्या उतरवल्या. म्हातारी चहा घेऊन खाली आली होती. सुनेनं पहिली पेटी घेतली, फळ्या काढल्या. वरचा थर बघून मीच म्हटलं, "बघ." सोन्यासारखा माल होता. देठाशी पिवळा, पाड लागलेला, वास पार गेटपर्यंत. तिनं तो थर काढून गवतावर मांडला आणि खाली हात घातला.

खालचा आंबा हिरवा होता. नुसता हिरवा नाही, कोवळा. खांदा भरलेला नाही, दगडासारखा टणक. असा आंबा पिकत नाही. ठेवला तर सुरकुततो आणि तसाच सुकतो. तिनं दुसरी पेटी उघडली. तिसरी उघडली. मी उभा होतो तिथून हललो नाही. सगळ्या पेट्यांना वर एक थर चांगला आणि खाली तेच.

म्हातारीनं एक आंबा उचलला, नखानं टोचून बघितला. "झ्याक. आता समद्या करंजाड्याला लोणचं घालू का?" तिनं विचारलं. कुणी हसलं नाही. तीही हसली नाही.

संध्याकाळी मुलगा पाळीवरून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "एवढं टेन्शन कशाला घेतेस? ग्रुपवर टाक, माल आला नाही. लोकं घेतील दुसरीकडून. विषय संपला."

ती कपडे घडी घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "माल आला नाही हे खोटं होईल. आला, आणि मी न बघता घेतला. हे टाकू का ग्रुपवर?"

मुलगा पायातले बूट काढायला लागला.

"लोक माझ्याकडून का घेतात?" ती पुढं म्हणाली. "आंबा कोपऱ्यावरच्या गाडीवरही मिळतो. मी बघून देते म्हणून घेतात. तेच गेलं तर माझ्याकडं राहतं काय? परत पनवेलवाल्याच्या पिशव्या पोचवायच्या, तो देईल ते." मग ती माझ्याकडं वळली. "मामा, मी पहाटे माल परत घेऊन जातेय."

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. "हात दिलेला माल परत जात नाही. आजवर कुणाचा गेलेला नाही."

"हात तुम्ही दिलात मामा," ती म्हणाली. "माल मी घेतला."

इतकी वर्षं त्या घरात माझ्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं. आवाज चढवून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिनं तो चढवला नव्हता. घडी घातलेला शर्ट तिनं ढिगावर ठेवला आणि दुसरा घेतला. मी उठून गॅलरीत गेलो. म्हातारीनं ताट वाढलं, मी नको म्हटलं. ती म्हणाली, "नका जेवू. उपाशी माणसाचं डोकं जरा हलकं असतंय म्हणतात." आणि ताट घेऊन गेली.

मला राग कशाचा आला होता, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दलालानं फसवलं त्याचा होता. पण त्याहून जास्त, ती परत जाणार होती त्याचा होता. फसलो हे मला आणि घराला ठाऊक होतं, तेवढ्यावर भागलं असतं. ती गल्लीत गेली की ते टोळीला कळणार होतं. मुकादमानं हात दिला आणि मुकादमाची सून माल परत घेऊन आली. मी त्या गल्लीत आयुष्य काढून कमावलेलं एवढंच होतं, की माझ्या शब्दावर गाडी खाली व्हायची.

पहाटे ती खाली आली तेव्हा मी टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूला बसलेला होतो.

"तुम्ही येताय?" तिनं विचारलं.

"तुझ्या बाजूनं बोलायला येत नाही," मी म्हटलं. "तमाशा होऊ नये म्हणून येतोय."

ती मागं पेट्यांजवळ बसली.

गाळ्यासमोर टेम्पो लागला. दलाल आतच होता. मला बघून हसला आणि मागं पेट्या बघितल्यावर हसायचा थांबला. सून खाली उतरली. हमाल घ्यायला पुढं आले, ते माझ्याच जुन्या टोळीतले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच खूण केली नाही, म्हणून ते तिथंच उभे राहिले. तिनं स्वतः पेटी ओढली. ड्रायव्हरकडून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, फळ्या काढल्या, गल्लीत पेपर पसरला. वरच्या थरातला एक आंबा ठेवला, त्याच्याशेजारी खालच्या थरातला एक. मग दुसरी पेटी. तसंच. तोंडानं काही बोलत नव्हती. गिऱ्हाइकं जाता जाता थांबत होती, खाली बघत होती, मग गाळ्याच्या पाटीकडं बघत होती.

"मुकादम," दलाल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सूनबाईला आवर. बोहनीची वेळ हाय. ही काय पद्धत झाली का? आपला हात झाला ना?"

"झाला," मी म्हटलं.

"मग?"

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला. सुनेनं मान वर करून बघितलं. तिला फक्त टॉवेल दिसत होता. दोन म्हातारे टॉवेलाखाली हात धरून उभे, आणि जे काय ठरायचं ते तिच्या पेट्यांचं. दलालानं बोट दाबलंच नाही. नुसता हात घट्ट धरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दोन पेट्या चांगल्यातल्या देतो, तुझ्या घरी खायला. पोरीला घेऊन जा. तुला पण इज्जत हाय, मला पण."

मी हात सोडवून घेतला नाही. हे मी लपवत नाही. त्या घटकेला मला ते बरोबर वाटत होतं. जावं, पेट्या टेम्पोत टाकाव्यात, घरी काहीतरी सांगावं.

"मामा," सून खालूनच म्हणाली, "शेठ काय म्हणतायत ते बोलून सांगा."

मी टॉवेलाकडं बघत राहिलो.

मग ती उठली, हाताला लागलेलं गवत झटकलं आणि दलालाच्या समोर आली. "शेठ, माल मी घेतलाय. घरं माझी ठरलीत. मला सांगा, काय करताय."

दलालानं गल्लीकडं बघितलं. लोक जमले होते. त्याला वाटलं असेल, हसण्यावारी नेलं की सुटलो. टॉवेल माझ्या हातावरून काढून त्यानं तिच्यापुढं धरला. "आता तुमीच करा सौदा. द्या हात."

गल्ली हसली. दोन-चार जण मोठ्यानं हसले. माझ्या टोळीतला एक जण हसला, तो मला अजून आठवतो. त्या जागी दुसरी कुणी बाई असती तर मान खाली घालून निघून गेली असती. मला वाटलं, हीही जाईल, आणि मला तिच्या मागं जावं लागेल, या हसण्यातून.

तिनं हात पुढं केला. टॉवेलाखाली नाही, टॉवेलाच्या वर. तळवा उघडा. "देते की," ती म्हणाली. "कापड तेवढं काढा."

हसणं थांबलं. दलालाचा हात तसाच टॉवेलाखाली राहिला. भर गल्लीत, सगळ्यांदेखत, माझ्या सुनेचा उघडा हात हातात घ्यायचा त्याला धीर होईना. आणि मागं घेतला तरी हरल्यासारखं. तो माझ्याकडं बघायला लागला. अशा वेळी पुरुष पुरुषाकडं बघतो, मधल्या बाईला बाजूला कर म्हणून. तिचा हात तसाच पुढं होता.

तेव्हा मी बोललो. का बोललो, यावर म्हातारी आणि मी अजून भांडतो. ती म्हणते, सुनेसाठी बोललात. मी म्हणतो, नाही. मला दोन पेट्यांत विकत घ्यायला निघाला होता तो, आणि वर माझ्या घरच्या बाईला हसला, म्हणून बोललो.

"शेठ काय म्हणतात ते सांगतो," मी मुकादमाच्या आवाजात म्हटलं. तो आवाज गाड्या लावताना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. अजून जातो. "शेठ म्हणतात, दोन पेट्या तुला घरी खायला, पोरीला घेऊन जा. बोट एकही दाबलेलं नाही. हा भाव हाय."

मग बाजूच्या गाळ्यासमोर उभा असलेला एक व्यापारी वाकला आणि त्यानं नुकत्याच घेतलेल्या आपल्या पेटीची फळी उचकटली. त्याच्या मागच्यानं पण तेच केलं. फळ्यांचे खिळे उपटल्याचा करकर आवाज यायला लागला, एकामागून एक. दलालाचं तोंड उतरलं. त्यानं आतल्या माणसाला हाक मारली, "बदलून दे रे. निकाल जल्दी." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "एवढ्या वर्षांचं मीठ विसरलास, मुकादम."

"मीठ खाल्लं न्हाई शेठ," मी म्हटलं. "पेट्या वाहिल्या."

तिनं बदललेली प्रत्येक पेटी उघडून बघितली. तळापर्यंत. आतला माणूस चिडत होता, "ताई, किती वेळ?" ती म्हणत होती, "झालं, दादा," आणि पुढची ओढत होती. ज्या पेट्या पसंत पडल्या नाहीत त्या बाजूला ठेवल्या. माझ्या टोळीतले हमाल आता न सांगता पुढं आले आणि बघितलेल्या पेट्या टेम्पोत चढवायला लागले. जो हसला होता तोही चढवत होता. माझ्याकडं बघत नव्हता.

दलालाकडं तेवढा चांगला माल नव्हता. उरलेल्यांचे पैसे परत घेऊन ती पुढच्या गाळ्यावर गेली. तिथं एक तरुण पोरगा बसला होता, बापाच्या गादीवर. त्यानं सवयीनं टॉवेलाला हात घातला, मग तिच्याकडं बघून खाली ठेवला. "बोलून सांगा," ती म्हणाली. त्यानं बोलून सांगितलं. ती बोलून कमी म्हणाली. त्यानं बोलून जास्त म्हटलं. आजूबाजूच्या सगळ्यांना भाव ऐकायला येत होता, आणि त्या पोराला घाम फुटला होता. मला ते बघवत नव्हतं. उघड्यावर भाव बोलणं म्हणजे मला गल्लीत उघड्यानं आंघोळ केल्यासारखं वाटत होतं. सौदा झाला. मग तिनं पेट्या उघडल्या. त्यानं उघडू दिल्या.

तरी पाच पेट्या कमी पडल्या. मार्केटात माल संपत आला होता, जो होता तो तिला पटत नव्हता. मी म्हटलं, घे, कोण बघतंय. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी टेम्पोकडं वळलो.

घरी आल्यावर पेट्या गवतात दाबून ठेवल्या. तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी बायका पार्किंगमध्ये आल्या. तिनं एकेक पेटी उघडून दाखवली, दोन्ही थर. पिकलेला माल होता. वासानं वॉचमन पण खुर्ची सोडून आला. पाच घरांना मात्र तिनं फोन केला नाही, मेसेज टाकला नाही. ती स्वतः त्यांच्या दारात गेली. मी सोबत गेलो. तिनं बोलावलं नव्हतं.

चार घरांनी ऐकून घेतलं. एकीनं तर पाणी दिलं. पाचव्या दारात बाई म्हणाली, "मग आधी नाव कशाला घेतलंस? माझ्या सासूबाईंना काय सांगू मी?" आणि दार लावून घेतलं. सून तिथं थोडा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, मामा." जिन्यावरून उतरताना ती डोळे पुसत होती. मी दोन पायऱ्या मागं राहून उतरलो.

दुसऱ्या दिवशी तृतीया. म्हातारीनं खीर केली, कुरडया तळल्या, वाडवडिलांचं पान वाढलं. आंबा नव्हता. घरात एकही नव्हता. सुनेनं आपल्यासाठी पेटी ठेवली नव्हती.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "एक ठेवली असती. पण मग सहा घरं राहिली असती."

"राहू दे गं," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "बघा, जन्मभर आंबं वाहिलं, आणि मुकादमाच्या घरी सणाला आंबा न्हाई. शेठ देत होता की दोन पेट्या. घ्यायच्या हुत्या."

मुलगा हसला. सूनही हसली, माझ्यासमोर, तोंडावर हात न ठेवता.

दलालानं त्यानंतर मला गाळ्यावर बोलावलं नाही, आणि बोलावणारही नाही. मी चुकलो असं मी अजून म्हणत नाही. हात दिल्यावर पेटी उघडायची नाही, हे मला शिकवलं होतं आणि मी ते पाळलं. पण माझ्या घरातली पेटी आता उघडल्याशिवाय कुणी घेत नाही, हेही खरं आहे. ती हल्ली आठवड्यातून दोनदा मार्केटात जाते. मला विचारते, "मामा, येताय?" मी कधी जातो, कधी नाही. गेलो तर टेम्पोजवळ उभा राहतो. भाव ती बोलते.

त्या तृतीयेच्या दिवशी म्हातारी वाडवडिलांच्या पानाभोवती पाणी फिरवायला बसली आणि आंब्याच्या जागेशी थांबली. रिकामी जागा कशी ठेवायची ते तिला कळेना. "काय सांगू वं यांना?" तिनं मला विचारलं.

"सांग," मी म्हटलं, "घरात धंदा हाय. आंबा उशिरा येईल."